दोष दाखवा, रजा मिळवा

आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर अनेक वर्षं व्यवस्थित चालत होतं आणि त्यामुळे कंपनीत चिंतेचं वातावरण होतं. जे व्यवस्थित चालतं त्यावर बैठक घेता येत नाही. बैठक नाही म्हणजे इतिवृत्त नाही, इतिवृत्त नाही म्हणजे पाठपुरावा नाही, आणि पाठपुरावा नसेल तर माझ्यासारख्या माणसाने सकाळी डबा घेऊन निघायचं तरी कशासाठी?

मी या कंपनीत प्रक्रिया अधिकारी आहे. म्हणजे नक्की काय, हे आमची ही लग्नापासून विचारत आली आहे. "तुम्ही तिथे करता काय हो?" मी तिला शांतपणे सांगतो, की इतर लोक काम करतात आणि ते काम रीतसर झालं की नाही हे मी बघतो. "म्हणजे काम करत नाही," असं म्हणून ती कपडे वाळत घालायला निघून जाते. असो. कार्यालयात पाठीमागे मला 'नियमावली' म्हणतात हेही मला ठाऊक आहे आणि त्याचा मला राग नाही. ताईंच्या प्रकरणात सगळे जण माझ्या नावाने बोटं मोडतात, त्याचा मात्र आहे. म्हणून झालं तसं सांगतो; तुम्हीच ठरवा.

आमचं सॉफ्टवेअर रुग्णालयांसाठी आहे. नंबराची चिठ्ठी देणं, रुग्णाची फाइल उघडणं, भेटायला आलेल्या माणसाला पास छापून देणं ही त्याची कामं. खिडक्या पुष्कळ, माणसं त्याहून पुष्कळ, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या आत एकाच वेळी अनेक कामकरी राबत असतात. त्यांना थ्रेड म्हणतात. प्रत्येक थ्रेडला काम करायला जरा मेमरी लागते, शाळेत पाटी लागायची तशी. पाटी मागायची, तिच्यावर लिहायचं, काम झालं की पुसून परत करायची. ही देवघेव जो सांभाळतो तो ॲलोकेटर. कॉम्प्युटरबरोबर तो आपसूकच येतो. आमच्याकडेही आला होता. बिचारा खाली मान घालून पाट्या द्यायचा, परत घ्यायचा, आणि कुणाला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. साहेबांना तर तो आहे हेही माहीत नव्हतं.

मग साहेब एका परिषदेला गेले. चहाच्या वेळी दुसऱ्या कंपनीच्या साहेबांनी त्यांना सहज विचारलं, "तुमचा ॲलोकेटर स्वतःचाच असेल ना?"

साहेबांना प्रश्न कळला नाही, पण सूर कळला. घर भाड्याचं की स्वतःचं, असं विचारताना लोक लावतात ना, तोच सूर. साहेब कप खाली न ठेवता म्हणाले, "म्हणजे काय! आमचाच आहे." आणि परतल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं.

"आपल्याला आपला स्वतःचा ॲलोकेटर हवा," साहेब म्हणाले.

"कशाला?" ताईंनी विचारलं. ताई म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या इंजिनिअर. वयाने साहेबांपेक्षा मोठ्या, त्यामुळे साहेबही त्यांना ताईच म्हणतात आणि त्यांच्या प्रश्नांना टरकून असतात. "आहे त्यात काय खोट आहे?"

"खोट नाही हो, ताई. पण तो सगळ्यांकडे आहे."

"साहेब, गुरुत्वाकर्षणही सगळ्यांकडे आहे."

साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं आणि त्यावर पुढच्या तिमाहीत विचार करू, असं आश्वासन दिलं.

एवढं मोठं काम काढायचं तर कारण द्यावं लागतं. कारण मी शोधून दिलं, ते माझं कामच आहे. जुन्या ॲलोकेटरकडे एकच खिडकी असते. एका थ्रेडला पाटी मिळेपर्यंत बाकीचे मागे रांगेत उभे. हे आजच्या गतिमान युगाला शोभत नाही, असं मी टिपणात लिहिलं. 'गतिमान युग' हे शब्द वाचून साहेबांचे डोळे पाणावले आणि काम ताईंच्या गळ्यात पडलं.

ताईंचा एक स्वभाव आहे. काम पटो न पटो, हातात घेतलं की त्या ते जीव ओतून करतात. त्यांनी प्रत्येक थ्रेडला स्वतःचा एक खिसा दिला. पाटी लागली की आपल्या खिशातून काढायची, कुणाला विचारायचं नाही, रांग नाही. खिसा रिकामा झालाच, तर शेजारच्याच्या खिशातून घ्यायची मुभा. साहेबांनी या गोष्टीचं नाव 'स्मृतिवितरण संकुल' ठेवलं. आम्ही सगळे त्याला वाटप्या म्हणायला लागलो. आणि वाटप्या पळाला हो, खोटं कशाला बोलू! खिडकीवरचा माणूस बटणावरून बोट उचलायच्या आत पास हातात यायचा. साहेबांनी असा पहिला पास फ्रेम करून भिंतीवर लावला.

शहरोशहरी शाखा असलेलं एक मोठं रुग्णालय आमचं गिऱ्हाईक आहे; त्याच्या एका शाखेत वाटप्या चाचणीसाठी बसवला. काही दिवस छान गेले. मग एका गृहस्थांच्या फाइलमध्ये 'सातवा महिना' अशी नोंद निघाली. गृहस्थ गुडघेदुखीसाठी आले होते आणि त्यांच्या मिशा भरघोस होत्या. त्यांना लोहाच्या गोळ्या, दुपारची झोप आणि जड वस्तू न उचलण्याचा सल्ला मिळाला. त्यांनी तक्रार केली नाही. उलट घरी जाऊन सल्ला काटेकोरपणे पाळायला सुरुवात केली. तक्रार त्यांच्या बायकोने केली, जेव्हा पिठाचा डबा खाली उतरवायलाही त्यांनी वैद्यकीय कारणाने नकार दिला तेव्हा.

वाटप्याने एकच पाटी दोन थ्रेडच्या हातात दिली होती. एकाने गुडघा लिहिला, दुसऱ्याने त्यावर महिना लिहिला. दोष रीतसर नोंदवला गेला, आणि ज्याने वाटप्या केला त्याच्या नावावर, म्हणजे ताईंच्या नावावर उघडला गेला.

नेमक्या त्याच सुमारास ताईंनी रजा मागितली. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात राहते. पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले, घरात नवरा सोडला तर कुणी मोठं माणूस नाही. आधी एकदा तिचं पोट पडलं होतं, म्हणून ती धास्तावलेली. दुपारी तिचा फोन यायचा तेव्हा ताई खुर्ची भिंतीकडे वळवून हळू आवाजात बोलायच्या, पण माझं टेबल शेजारीच आहे.

"आई, तू असशील ना गं त्या वेळी?"

"असेन गं बाई. किती वेळा सांगू? तुझा हात धरून बसेन."

"नक्की ना?"

"नक्की म्हणजे नक्की."

मला वाईट वाटलं. मलाही मुलगी आहे. पण आमच्याकडे नियम असा आहे, की ज्याच्या नावावर दोष उघडा आहे त्याला तो बंद होईपर्यंत रजा देता येत नाही. हा नियम मी केलेला नाही. मी तो फक्त सुचवला, लिहिला आणि मंजूर करून घेतला.

"अहो भाऊ, दोष कुठे आहे ते मला कळलंय," ताई म्हणाल्या. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. थ्रेड शेजारच्याच्या खिशात हात घालतो, तिथे आधी तो बघतो पाटी मोकळी आहे का, आणि मग तिच्यावर 'घेतली' अशी खूण करतो. बघणं आणि खूण करणं, या दोहोंच्या मधे एक बारीकशी फट आहे. त्याच फटीत दुसरा थ्रेड आला तर त्यालाही ती पाटी मोकळीच दिसते. "दोन्ही गोष्टी एका झटक्यात केल्या की झालं. दोन ओळींची एक ओळ करायची. आत्ता करते."

"थांबा, थांबा," मी म्हटलं. "कळून काय उपयोग, ताई? दिसला पाहिजे. दोष आधी दाखवायचा, मग दुरुस्ती करायची, मग तो दिसत नाही हे दाखवायचं. न दाखवलेल्या दोषाची दुरुस्ती म्हणजे विनाकारण केलेला बदल. विनाकारण बदल केला की नवा दोष उघडावा लागतो."

"कुणाच्या नावावर?"

"तुमच्याच."

ताईंनी तो कागद घडी करून ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. दाखवते."

आता गंमत ऐका. आत काय चाललंय ते दिसावं म्हणून ताईंनी प्रत्येक थ्रेडला सक्ती केली, की जी हालचाल कराल ती लिहून ठेवा. लिहायची जागा एकच. मग सगळे थ्रेड लिहिण्यासाठी एकामागे एक उभे राहायला लागले. एकामागे एक उभे राहिल्यावर एकमेकांच्या मधे कुणी घुसेना. घुसेना म्हणून दोष दिसेना. लिहिणं बंद केलं की कुठेतरी एखाद्या आजोबांचे डोहाळे सुरू, लिहिणं चालू केलं की सगळं आलबेल!

साहेबांसमोर प्रात्यक्षिक ठरलं. मोठा पडदा, खुर्च्या, कॉफी. ताईंनी वाटप्या चालवला. सगळे टक लावून बसले. काहीही झालं नाही.

"उत्तम चाललंय की!" साहेब म्हणाले.

"साहेब, आपण बघतोय म्हणून चाललंय. लिहिणं बंद केलं की बिघडतं."

"म्हणजे आपण लक्ष ठेवलं की हा सरळ वागतो?"

"हो."

"मग यात दोष काय आहे? आपला सगळा स्टाफ असाच आहे."

दोष दिसला नाही म्हणून तो 'निरीक्षणाधीन' या वर्गात गेला. निरीक्षणाधीन दोष बंद समजला जात नाही, कारण तो असू शकतो. आणि दुरुस्तही करता येत नाही, कारण तो नसू शकतो. ताईंनी विचारलं, मग माझ्या रजेचं काय? मी म्हटलं, तीही निरीक्षणाधीन. माझा विनोद त्यांना आवडला नाही. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि खांदे हलत होते म्हणून मला वाटलं हसतायत. हसत नव्हत्या.

माणूस म्हणून मला राहवलं नाही. मी त्यांच्यापाशी गेलो आणि म्हटलं, "ताई, नियमात एक वाट आहे. दोष अधूनमधून होतो, ही अडचण आहे ना? मग तो हमखास होईल असं करा. तशी एक आवृत्ती बनवा, खास दाखवण्यासाठी. दोषदर्शन आवृत्ती."

ताईंनी डोळे पुसले आणि कामाला लागल्या. बघणं आणि खूण करणं यांच्या मधल्या फटीत त्यांनी एक विश्रांती घातली. थ्रेड पाटी बघणार, मग काही न करता स्वस्थ उभा राहणार, आणि मग खूण करणार. तेवढ्यात दुसऱ्याला यायला भरपूर वेळ. शिवाय शेजारच्याच्या खिशात हात घालायची वेळ दर खेपेला यावी म्हणून एकाचा सोडून बाकी सगळ्यांचे खिसे मुद्दाम रिकामे ठेवले. आता दोष हुकायची सोय उरली नाही.

दुसरं प्रात्यक्षिक झालं. दोष झाला, पण साहेब चष्मा पुसत होते. "पुन्हा दाखवा. जरा सावकाश." ताईंनी विश्रांती वाढवली. साहेबांना पाटी म्हणजे कुठली ते कळेपर्यंत दोष होऊन गेला. विश्रांती आणखी वाढवली. मग साहेबांना पडदा नुसताच कोरा दिसतो याचा कंटाळा आला. "एवढा वेळ माणसाने बघायचं काय? काहीतरी फिरतं दाखवा ना." तेव्हा कंपनीच्या निळ्या रंगात एक गोल चक्र आलं, थ्रेड थांबलेला असेपर्यंत फिरणारं. चक्राचा वेग, जाडी आणि निळ्याची छटा यांवर वेगळी बैठक झाली. त्यात एक आठवडा गेला, पण चक्र देखणं झालं.

शेवटी सगळं जुळून आलं. चक्र फिरलं, थांबलं, आणि पडद्यावर मिशीवाल्या गृहस्थांच्या नावापुढे सातवा महिना उमटला. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी ताईंचा हात हातात घेतला. "काय सुंदर दोष आहे, ताई! अभिनंदन." दोष आहे, यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या.

मग ताईंनी त्या दोन ओळींची एक ओळ केली; मधली विश्रांती तेवढी तिच्या आधी सरकली. चक्र पुन्हा फिरलं, थांबलं, आणि या खेपेला गृहस्थांच्या नावापुढे फक्त गुडघा आला. दोष गेला, यावरही सह्या झाल्या. आता कुणाचीच काही हरकत नव्हती. ताईंनी खुर्ची सरकवली आणि म्हणाल्या, "झालं एकदाचं. आता ती विश्रांती काढते, खिसे भरते, आणि पाठवून देऊ."

मला फार जड गेलं, पण बोलावं लागलं. "ताई, विश्रांती काढता येणार नाही."

"का?"

"तपासणी कशाची झाली? विश्रांती असलेल्या आवृत्तीची. सह्या कशावर आहेत? त्याच आवृत्तीवर. विश्रांती काढली की ती नवी आवृत्ती. ती पहिल्यापासून सगळ्या टप्प्यांतून जाईल."

"अहो, विश्रांती दोष दाखवायला घातली होती! दोषच गेला, आता ती कशाला?"

"आणि दुसरं असं," मी म्हटलं, कारण मुद्दा खरोखर बिनतोड होता, "विश्रांती नसताना दोष दिसत नाही, हे तर दुरुस्तीच्या आधीही खरं होतं. मग दुरुस्ती झाली याला पुरावा काय राहिला? पुरावा आहे तो विश्रांतीतच आहे, ताई."

ताई काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जावयांचा होता. आवाज एवढा मोठा होता, की माझ्या टेबलापर्यंत आला. "आई, पाणी गेलंय, आम्ही रुग्णालयात आलोय, तुम्ही कुठे आहात? ती सारखी तुम्हाला विचारतेय."

"निघते. निघालेच," ताई म्हणाल्या. फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे हात केला. "आणा कुठे सही करायची ते."

एरवी प्रत्येक ओळ वाचून सही करणाऱ्या ताईंनी त्या दिवशी कागदाकडे पाहिलंही नाही. दोष बंद झाला. रजा मंजूर झाली. मी स्वतः त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो आणि पिशवी आत ठेवली. हे कुणी सांगत नाही बरं का.

सॉफ्टवेअरला प्रवासाचा त्रास नसतो. इकडे साहेबांनी बटण दाबलं आणि वाटप्या, त्याच्या विश्रांतीसकट आणि निळ्या चक्रासकट, रुग्णालयाच्या सगळ्या शहरांतल्या सगळ्या शाखांत पोहोचला. ताई गाडीने गेल्या. त्यांची मुलगी ज्या शाखेत होती तिथे ताईंच्या आधी वाटप्या जाऊन बसला होता.

पुढचं मला ताईंकडून कळलं, आणि थोडं त्यांच्या जावयांकडून.

ताई धावत आत शिरल्या. प्रसूतीचा विभाग वरच्या मजल्यावर, आणि पासाशिवाय जिन्यावर सोडत नाहीत. पासाच्या खिडकीवर रांग होती. ताई रांगेत उभ्या राहिल्या. शिस्तीतली बाई, घुसाघुशी करायचं कधी जमलं नाही. नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी नाव घातलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर निळं चक्र फिरायला लागलं.

ताईंनी ते ओळखलं. आपल्या हातचं काम माणूस ओळखतोच. एका पासासाठी आत किती वेळा पाटी मागावी लागते हेही त्यांना ठाऊक होतं. नाव लिहायला पाटी, नातं लिहायला पाटी, मजला लिहायला पाटी, आणि दर पाटीला ती विश्रांती. खिसे रिकामे.

"अहो, हे बंद करा," त्या म्हणाल्या. "हाताने लिहून द्या पास."

"सिस्टिमचं काम चाललंय, मॅडम. मधे हात लावता येत नाही."

"काम नाही चाललं! ते थांबलंय! आत काही होत नाहीये, नुसतं उभं आहे ते!"

"फिरतंय ना पण," खिडकीतल्या बाई समजुतीने म्हणाल्या.

वर मुलगी आईला हाका मारत होती. खाली ताईंनी काचेवर हात आपटला. "मला माहितेय ते काय करतंय ते! मीच त्याला थांबायला सांगितलंय!" त्याबरोबर रांगेत कुजबुज झाली. सुरक्षा रक्षक दोन पावलं पुढे आला. कुणीतरी म्हणालं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. आणि त्यांच्या अगदी मागे उभ्या असलेल्या व्यक्तीने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "काकू, धीर धरा. बघा, किती मन लावून करतंय ते. घाईत चुका होतात."

ताईंनी काचेवरचा हात काढून घेतला. चक्राकडे बघत उभ्या राहिल्या. पास छापून आला तेव्हा जावई जिना उतरून समोर आले होते आणि हसत होते, रडतही होते. "आई, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत." ताईंनी पास हातात घेतला. वर गेल्या. लेकीने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "तू येणार म्हणाली होतीस." एवढं सांगून ताई माझ्यासमोरून उठून गेल्या, पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं. हे मी मनापासून सांगतो.

आता कुणालाही वाटेल, की शाखाशाखांतून तक्रारींचा पाऊस पडला असेल. मीही बचावाचं टिपण तयार ठेवलं होतं. पण आलं ते कौतुक! खिडकीशेजारी हसरे आणि रडके चेहरे असलेली बटणं असतात ना, कामावर समाधानी आहात का ते दाबून सांगायची? हिरवा हसरा चेहरा लोकांनी दाबून दाबून खिळखिळा केला. पूर्वी पास चटकन यायचा तेव्हा लोकांना शंका यायची. एवढ्यात झालं? नीट बघितलंत ना? आता चक्र फिरतं. आपल्यासाठी कुणीतरी आत खपतंय असं वाटतं. साहेबांना पुढच्या परिषदेत भाषणाचं निमंत्रण आलं. विषय, 'विश्वासार्हतेचा वेग'.

ताई रजेवरून आल्या त्या थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. "ती विश्रांती काढा," एवढंच म्हणाल्या.

साहेब वाईट माणूस नाहीत. एका शाखेत त्यांनी विश्रांती काढून, खिसे भरून पाहिलं. संध्याकाळच्या आत रडका चेहरा दाबणाऱ्यांची रीघ लागली. एक बाई लिहून गेल्या, की पूर्वी इथे माणसाची काळजी घेत असत, आता नुसतं उरकतात. एका सद्गृहस्थांनी पास परत करून 'नीट तपासलेला' पास मागितला. मग लोकाग्रहास्तव विश्रांती पुन्हा घालण्यात आली. तातडीच्या विभागात येणारी माणसं जास्त घाबरलेली असतात, त्यांना जास्त धीर लागतो, म्हणून तिथे ती दुप्पट केली आहे.

काल ताईंनी मला विचारलं, "भाऊ, हा दोष कुणाच्या नावावर उघडायचा?" मी सगळं तपासलं. माझ्या सह्या जागच्या जागी आहेत. साहेबांनी प्रयोग करून पाहिला. खिडकीतल्या बाईंना मधे हात लावायची परवानगीच नाही. ताई तर ओरडून ओरडून सांगत होत्या. राहता राहिली ती रांग.

"तुमच्या मागे कोण होतं, ताई?" मी विचारलं.

"चेहरा नाही पाहिला मी," ताई म्हणाल्या. "पण आवाज सभ्य होता. शिकलेला. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचा."

तेव्हा आता असं दचकून इकडेतिकडे बघू नका. माझ्यावर मनातल्या मनात चिडून झालं असेल, तर एक काम करा. ताईंची लेक अजून फोनवर विचारते, "आई, तू खालीच होतीस, तर वर का नाही आलीस?" ताईंना तिला काय सांगावं ते सुचत नाही. तुम्हीच सांगा. तुम्ही तर त्यांच्या मागेच उभे होतात, आणि बाहेर पडताना हसरा चेहराही दाबलात.